उकळू नका

९ जानेवारी

भिंगरे,

फोन करत नाही. फोनवर तू "हो मावशी, हो मावशी" करतेस आणि त्याच वेळी दुसऱ्या कोणाला तरी काहीतरी टाइप करत असतेस, ते मला इकडे ऐकू येतं. लिहिलेलं नाकारता येत नाही, म्हणून ही मेल. खुर्चीत नीट बसून वाच.

आज सकाळी तुझ्या दुकानाच्या साइटवरून, त्या 'लेखिकेला विचारा' नावाच्या चौकटीतून, एका बाईंचा निरोप आला. जसाच्या तसा देते.

"मॅडम, तुमचा लेख वाचला. आमच्याकडे विहिरीचं पाणी आहे. मुलगी तीन महिन्यांची आहे, वरचं दूध पिते. तुम्ही सांगितल्याप्रमाणे पाणी दहा मिनिटं चांगलं उकळते आणि त्यात पावडर कालवते. मनाला धीर आला. आभारी आहे."

मी असं कुठे सांगितलं? चौतीस वर्षं पाण्याच्या प्रयोगशाळेत काढली, तिथून निवृत्त झाले, आणि तुझ्या फिल्टरच्या दुकानाला हातभार म्हणून मोजून नऊ लेख लिहून दिले. त्यातला पाचवा विहिरीच्या पाण्यावर. त्यात माझं वाक्य असं आहे: "विहिरीच्या पाण्यात नायट्रेट असेल तर ते पाणी उकळू नका. उकळून जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटतं, ते तेवढंच राहतं, म्हणजे घोटागणिक वाढतं. तान्ह्या बाळाला असं पाणी देऊ नका." तुझ्या साइटवर जाऊन पाहिलं. वाक्य जागेवर आहे.

मग मी माझं स्वतःचं नाव शोधून पाहिलं, जे चांगल्या घरच्या बाईने करू नये. भिंगरे, माझं नाव चाळीस ठिकाणी आहे. पडदे विकणाऱ्याच्या साइटवर आहे. केस गळण्यावर उपाय सांगणाऱ्याच्या साइटवर आहे. जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या साइटवर आहे, "निवृत्त वरिष्ठ रसायनतज्ज्ञ" या हुद्द्यासकट. खाली माझाच लेख, पण शब्द कोणीतरी मिक्सरमधून काढलेले. "नळाचे पाणी" हे "तोटीचे जल" झालंय. "तान्हे बाळ" हे "ताजे मूल" झालंय. आणि "उकळू नका" याच्या जागी छापलंय: "विहिरीचे जल दहा मिनिटे उत्तम उकळावे, म्हणजे ताजे मूल सुरक्षित." प्रत्येक लेखाच्या शेवटी तुझ्या दुकानाकडे नेणारं निळं अक्षर.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये दुसऱ्या मुलीच्या वहीतून उतरवलं तर हातावर पट्टी बसायची. इथे माझ्याच वहीतून चाळीस जणांनी उतरवलं आणि उलटं उतरवलं. पट्टी कोणाच्या हातावर मारू, तेवढं कळव.

मावशी

१० जानेवारी

प्रिय मावशी,

तू रागावणार हे माहीत होतं, फक्त इतक्या लवकर सापडेल असं वाटलं नव्हतं. "ताजे मूल" वाचून मीही कपाळावर हात मारला. साइटची जाहिरात बघणाऱ्या एजन्सीला कळवलंय, भाषा सुधारून घेते.

पण हे काय आहे ते आधी समजून घे, मग बोल. सर्चमध्ये कोण वर येणार हे नुसत्या चांगल्या लिखाणावर ठरत नाही. तुझ्या पानाकडे बाहेरच्या किती साइट बोट दाखवतात, तेही मोजलं जातं. त्या बोट दाखवण्याला लिंक म्हणतात. चाळीस साइट म्हणाल्या की "इथे जा", तर यंत्राला वाटतं की हे पान कामाचं असणार. म्हणून आमची एजन्सी तुझा एक लेख घेऊन त्याचे वेगवेगळ्या शब्दांत चाळीस करते, कारण तोच लेख जसाच्या तसा चालत नाही, आणि ठिकठिकाणी छापून आणते. सगळे हेच करतात. आपल्या चौकातले दोन्ही फिल्टरवालेसुद्धा.

चार महिन्यांत आपण चौथ्या पानावरून पहिल्या पानावर आलोय, मावशी. तुझ्यामुळे. तुझ्या नावाला वजन आहे म्हणून एजन्सीवाल्यांनी ते सगळीकडे ठेवलं. यात तुझा मानच आहे.

त्या बाईंना मी लगेच उत्तर पाठवलं होतं, ते परत आलं. मेलचा पत्ता लिहिताना त्यांची काहीतरी चूक झालेली दिसते. असो. भाषेचं मी बघते, तू डोक्याला ताप करून घेऊ नकोस. रक्तदाबाची गोळी घेतलीस का?

तुझी
भिंगरी

११ जानेवारी

भिंगरे,

गोळी घेतली. तिचा उपयोग झालेला नाही.

"असो" हा शब्द तू कुठे लिहिलास, तो परत जाऊन वाच. एक बाई रोज सकाळ-संध्याकाळ पातेल्यात विहिरीचं पाणी ठेवते, घड्याळ लावून दहा मिनिटं आटवते, आणि ते तीन महिन्यांच्या पोरीला पाजते. ती हे आळसाने करत नाही, काळजीने करते. जेवढी काळजी जास्त, तेवढं पाणी जास्त आटतं. तिच्या विहिरीत नायट्रेट असेल की नाही, मला माहीत नाही. शेताजवळच्या, गोठ्याजवळच्या विहिरीत ते खतातून, शेणमुतातून पुष्कळदा उतरतं आणि त्याला ना रंग ना वास. मोठ्या माणसाला सहसा काही होत नाही. पण इतक्या लहान मुलाच्या रक्ताला मग प्राणवायू नेता येत नाही. ओठ निळसर पडतात, नखं निळसर पडतात. हे मी कोणाला भेवडवायला सांगत नाही. प्रयोगशाळेत अशा एका विहिरीचा नमुना माझ्या टेबलावर आला होता आणि तो आणणारा बाप माझ्यासमोरच्या बाकावर बसून होता. त्यापुढचं मी तुला सांगणार नाही.

आणि तू मला सांगतेस की भाषा सुधारून घेते. "ताजे मूल" याचं "तान्हे बाळ" करशील, म्हणजे खोटं नीट वाचता येईल.

दुसरं. मी काल तुझी साइट पहिल्या लेखापासून वाचून काढली. पहिल्याच लेखात माझं शेवटचं वाक्य होतं: "नळाचं पाणी तपासणीत चांगलं आलं तर मशीन घेऊ नका, टाकी धुवा." ते वाक्य कुठे गेलं? ते काही उंदराने कुरतडलं नसणार.

चाळीसच्या चाळीस लेख उतरवायचे. सुधारायचे नाहीत, उतरवायचे. ते उतरेपर्यंत मला मान नको आणि गोळीची आठवणही नको.

मावशी

१९ जानेवारी

मावशी,

तू दुकानात दोनदा फोन केलास. दोन्ही वेळा ह्यांनी सांगितलं की मी बाहेर गेलेय. मी आतच होते, खोक्यांच्या मागे. तुझ्याशी बोलायचं धैर्य नव्हतं. आता लिहिते, सगळं लिहिते.

एजन्सीवाल्याकडे गेले होते. दुसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली आहे, भिंतीला तोंड करून नऊ मुलंमुली बसतात. एकेकाला दिवसाला वीस लेख फिरवायचे असतात. तुझा लेख फिरवणारी मुलगी मला भेटली. चांगली आहे बिचारी. मी विचारलं, "अगं, 'उकळू नका'चं 'उकळा' कसं केलंस?" ती म्हणाली, "मॅडम, नियम आहे. 'नका' आलं की काढायचं. नकारार्थी वाक्य आलं की वाचणारा निघून जातो. सगळं 'करा'मध्ये लिहायचं." मी म्हटलं, "पण अर्थ?" ती म्हणाली, "पाणी उकळावं हे तर सगळेच सांगतात ना? मला वाटलं लिहिणाऱ्या बाईंची चूक झालीय. मी दुरुस्त केलं."

मावशी, तो नियम मी वाचून सही केली होती. एजन्सीने पहिल्याच दिवशी कागद दिला होता, त्यात सातव्या ओळीत तो होता. आणि "मशीन घेऊ नका" हे तुझं वाक्य मी स्वतः काढलं. एजन्सीने सांगितलंही नव्हतं. मी मशीन विकते. मला ते रोज सकाळी साइट उघडली की दिसायचं.

एक गोष्ट आठ दिवस डोक्यातून जात नाही. आमच्याकडे नायट्रेट काढणारं मशीन आहे. तपासणीत नायट्रेट निघालं असतं तर सगळ्या गिऱ्हाइकांत त्या बाईंना ते खरंच लागलं असतं. आणि आम्ही त्यांना सांगितलं, उकळा.

आता माझी बाजू. लेख उतरवले की लिंका जातात. लिंका गेल्या की आपण पुन्हा चौथ्या पानावर, कदाचित त्याच्याही मागे. मी नोकरी सोडून हे दुकान टाकलं ते तुला ठाऊक आहे. आणि तू म्हणशील, चांगलं लिहिलेलं आपोआप वाचलं जातं. नाही वाचलं जात. तुझा विहिरीचा लेख मी टाकला तेव्हा त्याला एकही लिंक नव्हती. पाच महिन्यांत तो एकवीस जणांनी उघडला. त्यात तू होतीस, मी होते, आणि आई तीनदा. तू खरं लिहिलंस आणि ते कपाटात ठेवल्यासारखं पडून राहिलं. ही माझी सबब नाही. पण खोटं आहे का सांग.

भिंगरी

२१ जानेवारी

भिंगरे,

नाही. खोटं नाही.

मला ते मान्य करायला दोन दिवस लागले आणि ते दोन दिवस मी कोणाशी धड बोलले नाही. दूधवाल्यालाही घालून पाडून बोलले.

काल मी एक केलं. त्या बाईंच्या जागी बसले. माझं नाव टाकलं नाही, नायट्रेट हा शब्द टाकला नाही, कारण तो तिला माहीतच नाही. तिच्या शब्दांत विचारलं: विहिरीचं पाणी बाळाला उकळून द्यावं का. सर्वांत वर जुन्या गाड्यांचा तो महाशय. "दहा मिनिटे उत्तम उकळावे." त्याच्या खाली पडदेवाला. माझा खरा लेख शोधत मी पुढची पानं उलटत गेले. तो सातव्या पानावर होता. सातव्या पानापर्यंत कडेवर पोर असलेली कुठली बाई जाईल? मीसुद्धा खुन्नस होती म्हणून गेले.

चौतीस वर्षं मी हेच केलं, असं मला काल दिसलं. नमुना घेतला, तपासला, अहवाल अचूक लिहिला, सही केली, फाइलला लावला. अहवाल अचूक असला की माझं काम संपलं. तो त्या विहिरीवरच्या माणसापर्यंत पोचला का, हे विचारणं मला कारकुनी वाटायचं. माझ्या अचूकपणाचा मला फार ताठा होता. अजून आहे. पण अचूक असून सातव्या पानावर असणं म्हणजे त्या बाईच्या दृष्टीने नसणंच.

आणि ती बाई आपल्याला दुसऱ्या कुठल्याच वाटेने भेटणार नाही. पत्ता नाही, फोन नाही, मेल परत येते. एकच वाट उरते. पोर मोठी होईल तशी ती पुन्हा काहीतरी विचारेल, तिथेच विचारेल, आणि त्या वेळी खोटं खाली आणि खरं वर असायला हवं. तेव्हा तुझ्या त्या बोट दाखवणाऱ्यांची मला गरज आहे. पडदेवाल्यांची नाही. ज्यांनी लेख वाचलाय, ज्यांना त्यातलं कळतं आणि जे आपण होऊन म्हणतील की हे वाचा, त्यांची. तशी माणसं मी शोधते. तुझ्या एजन्सीची पोरं दिवसाला वीस लेख फिरवतात, मी दिवसाला दोन पत्रं लिहीन, पण ती माझी असतील.

तू चाळीस उतरव. ते तुझं काम. खोक्यांच्या मागून बाहेर ये.

मावशी

१७ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

उशीर झाला, पण हात रिकामे नाहीत.

चाळीसपैकी एकोणचाळीस उतरले. एजन्सीवाला म्हणाला, "टाकायचे पैसे घेतो आम्ही, काढायचं आमच्या कामात बसत नाही," आणि संबंध तोडले. मग मी एकेका साइटला स्वतः लिहिलं. काहींनी दुसऱ्याच दिवशी काढलं. पडदेवाल्याने माफी मागितली आणि पडद्यांचा कॅटलॉगही पाठवला. केसगळतीवाल्याला सात वेळा लिहावं लागलं, सातव्यांदा मी तुझं ते ओठ-नखांचं वाक्य पाठवलं, तासाभरात लेख गेला. जुन्या गाड्यांचा एक राहिलाय. तो ना उत्तर देतो ना फोन उचलतो. नेमका तोच सर्वांत वर आहे.

आपण सहाव्या पानावर गेलोय. दुकानात शांतता आहे. चौकातला फिल्टरवाला काल मुद्दाम चहाला बोलावून म्हणाला, "काय वहिनी, दिसत नाही हल्ली कुठे." मी चहा पूर्ण प्यायले आणि आले.

तुझी दोन्ही वाक्यं वर घेतली, अगदी सुरुवातीला, मोठ्या अक्षरांत. "उकळू नका" आणि "मशीन घेऊ नका". त्याखाली तुझं ओठ-नखांचं वाक्य घातलं आणि लिहिलं की तुझ्या नावाने फिरलेला दुसरा लेख चुकीचा होता आणि तो आमच्याकडूनच गेला होता. ह्यांनी ते पाहिलं. म्हणाले, "दुकानाच्या पाटीवर पण लिहून टाक, आत येऊ नका." दोन दिवस असेच टोमणे मारत होते. तिसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक आलं, साठीचे गृहस्थ. म्हणाले, "जे लोक घेऊ नका म्हणतात त्यांनी घ्या म्हटलं तर मी घेईन. आमच्या बोअरचा अहवाल आणलाय, बघा." अहवाल पाहून ह्यांनीच त्यांना सांगितलं की मशीनची गरज नाही. ते गेल्यावर स्वतःच डोकं धरून बसले. मला हसू आवरेना.

तुझी पत्रं कुठवर आली?

भिंगरी

३ मार्च

भिंगरे,

जावईबापूंना सांग, डोकं धरून बसलेला दुकानदार मी प्रथमच ऐकला आणि मला तो पसंत पडला.

पत्रांचं सांगते. एकूण अठ्ठावन्न लिहिली. नर्सिंग शाळेच्या मुख्य बाईंनी तीन दिवसांत उत्तर दिलं, लेख विद्यार्थिनींना वाचायला दिला आणि शाळेच्या साइटवर लावला. विहिरी खोदणाऱ्यांच्या संघाचे अध्यक्ष आधी चिडले, "आमच्या विहिरी खराब म्हणता का?" मी म्हटलं, विहीर खराब नाही, गोठा जवळ आहे. त्यांनाही ते पटलं. आता ते गिऱ्हाइकाला अंतर समजावताना माझा लेख दाखवतात. लहान मुलांच्या एका डॉक्टरांनी लेखात एक चूक काढली, वयाची मर्यादा मी नीट लिहिली नव्हती. चूक काढणारा माणूस भेटला की मला बरं वाटतं. दुरुस्ती तुला पाठवली होती, ती लागली. मग त्यांनीही लिंक दिली. माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा आता आमच्या प्रयोगशाळेचा साहेब आहे. त्याने कळवलंय की अर्ज योग्य मार्गाने यावा. योग्य मार्ग मीच त्याला शिकवला होता, त्यामुळे बोलता येत नाही. अर्ज केलाय. सत्तेचाळीस जणांनी काहीच कळवलेलं नाही. त्यांना मी पुन्हा लिहीन.

आता गाड्यांचं. तो फोन उचलत नाही म्हणालीस, म्हणून मी गेले. दोन बस बदलून. मोठं मैदान, रांगेत धुतलेल्या गाड्या, काचांवर किमती, मागच्या बाजूला पत्र्याची केबिन. आत एक जाडे गृहस्थ, टेबलावर चाव्यांचा ढीग. मला बघून उठले.

"या या, मॅडम. लहान गाडी बघताय? एकहाती वापरलेली आहे एक, बाईंचीच."

"मला गाडी नको. तुमच्या साइटवर माझं नाव आहे, ते काढा."

त्यांना काही समजेना. मी लेख छापून नेला होता, तो पुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचला. "ताजे मूल" आलं तसे थांबले.

"हे माझ्या साइटवर? मी गाड्या विकतो हो."

"मलाही तेच विचारायचंय."

"साइट एक एजन्सी बघते. मी वर्षातनं एकदा उघडतो, फोटो नीट आहेत का बघायला."

एजन्सी कोणती, ते त्यांनी सांगायच्या आधी मला कळलं होतं. मग मी त्या बाईचा निरोप त्यांच्यासमोर ठेवला. तो त्यांनी मनात वाचला. मग विचारलं, "ही बाई कुठे असते?" मी म्हटलं, "माहीत नाही, म्हणून तर इथे आले." त्यांनी एजन्सीला फोन लावला. तिकडून काहीतरी उडवाउडवी. हे म्हणाले, "उद्या नाही, आत्ता. एक बाई माझ्यासमोर बसलीय आणि ती उठणार नाही असं दिसतंय." मी मान हलवली. चाळीस मिनिटं बसले. मधे त्यांनी मला तीन गिऱ्हाइकांशी भाव करताना बघू दिलं. त्यातल्या एकाला मी सांगितलं की त्या निळ्या गाडीचा टायर गुळगुळीत आहे. ते जरा खोकले.

लेख माझ्यासमोर उतरला. निघताना म्हणाले, "मॅडम, तुमचा खरा लेख लावून टाकतो की त्या जागी. तुमचं नुकसान भरून निघेल." मला क्षणभर मोह झाला, लपवत नाही. सर्वांत वरची जागा होती ती. पण गाड्या घ्यायला आलेल्याला बाळाच्या पाण्याचं काय सांगायचं? मी म्हटलं, "तुम्ही चांगले आहात, पण नको. जिथे तो प्रश्न माणूस विचारेल तिथेच उत्तर असू दे."

तू म्हणशील, मूर्खपणा केला. म्हण.

मावशी

२९ मार्च

मावशी,

मूर्खपणा म्हणणार नाही. त्या बाईंचा प्रश्न त्यांच्या शब्दांत टाकला तर आज सकाळी आपण तिसरे होतो. दुकानासाठी अजून मागे आहोत, मशीन शोधणाऱ्याला आपण पाचव्या पानावर दिसतो. तिथेही तुझ्याच पद्धतीने जायचं ठरवलंय, हे तयार आहेत. किती महिने लागतील ते माहीत नाही.

पण त्यासाठी लिहीत नाहीये. तासाभरापूर्वी चौकटीतून हा निरोप आला. जसाच्या तसा देते.

"तीन महिन्यांपूर्वी तुमच्या नावाने वाचलं की पाणी दहा मिनिटं उकळा. मी केलं. आता मुलगी सहा महिन्यांची होईल म्हणून पाणी पाजायचं कसं ते बघत होते, तर तुम्हीच म्हणता उकळू नका. वर लिहिलंय की पहिलं चुकीचं होतं. चुकीचं होतं म्हणजे काय? आम्ही कोणाचं ऐकायचं? तुम्ही शिकलेल्या बाया, नाव लावता, हुद्दा लावता, आणि आमच्या पोरी आहेत का तुमचे प्रयोग करायला? मुलगी बरी आहे. मधे महिनाभर आईकडे होते, तिथे नळ आहे. तिची नखं मी आज उजेडात तीनदा पाहिली, गुलाबी आहेत. पण विहिरीच्या पाण्याचं काय करू ते मला सांगा, आणि या वेळी नीट सांगा. खाली फोन नंबर दिलाय."

या वेळी मेलचा पत्ताही बरोबर आहे, तपासला. मी उत्तर दिलेलं नाही. चूक माझी आहे, मी लिहू का, असं विचारायला बसले होते. पण त्यांनी तुला विचारलंय.

भिंगरी

२९ मार्च

बाई,

तुम्ही रागावलात ते योग्य आहे. मी तुमच्या जागी असते तर याहून जास्त बोलले असते.

दोन्ही लेखांवर माझंच नाव होतं. पहिला मी लिहिला नव्हता, पण माझं नाव कुठे कुठे फिरतंय हे मी चार महिने पाहिलं नाही, त्यामुळे तो दोष माझ्याकडेच येतो. दुसऱ्या कोणाकडे ढकलत नाही. दुसरा लेख मी लिहिला आहे आणि त्यातला प्रत्येक शब्द मी कुठेही उभी राहून सांगेन.

आजपासून विहिरीचं पाणी मुलीला देऊ नका, उकळून नको आणि गाळूनही नको. तपासणी होईपर्यंत तिच्या दुधासाठी नळाचं पाणी आणा, शेजारून, आईकडून, जिथून मिळेल तिथून, आणि ते मात्र उकळून घ्या. नखं गुलाबी आहेत ही ओळ मी तीनदा वाचली. तरी मुलीला एकदा डॉक्टरांना दाखवा आणि पाण्याचं सगळं त्यांना सांगा, माझी चूकही सांगा.

पाणी तपासायला प्लास्टिकची नवी बाटली घ्या. विहिरीच्याच पाण्याने तीनदा विसळा, साबण लावू नका. काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा, आणि तीन-चार तासांत पोचणार नसेल तर बर्फात ठेवा. वर विहिरीची जागा आणि तारीख लिहा. प्रयोगशाळेचा पत्ता खाली देते. तिथले साहेब अर्ज योग्य मार्गाने मागतील. तो मी उद्या सकाळी स्वतः नेऊन देते, तुम्ही फक्त बाटली आणा. मी दहा वाजल्यापासून दारात उभी असेन. पांढरे केस, काळी छत्री.